मिठाचा स्फटिक, हिऱ्याचं टोक

मे महिन्यात परतवाड्याचा पारा पंचेचाळिशीकडे सरकतो आणि दुपारच्या हवेत ओलावा जवळपास उरतच नाही. तिथूनच घाट चढून तीसेक किलोमीटरवरच्या चिखलदऱ्याला जुलैत जावं, तर ढग खिडकीतून घरात येतात आणि काडेपेटीतली काडी ओढता ओढता मोडते. वऱ्हाडातल्या माणसाला या दोन्ही टोकांची सवय असते. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी या भागातल्या घराघरांत वाजणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये एक नाजूक पाहुणा राहत होता, त्याला ही दोन्ही टोकं सोसायची नाहीत. त्याच्या पोटात मिठाचा स्फटिक होता आणि सगळं गाणं त्या स्फटिकातून येत होतं.

हा पाहुणा म्हणजे कार्ट्रिज. रेकॉर्ड प्लेअरची दांडी जिथे तबकडीवर टेकते, तिथे तिच्या टोकाला बसवलेला हा छोटा भाग. सुई त्यालाच जोडलेली असते. तबकडीच्या खाचेतून जाताना सुई थरथरते, आणि त्या थरथरीची वीज करायची एवढंच कार्ट्रिजचं काम. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर पुढचं बघतात. काम एका वाक्यात सांगता येतं, पण ते करण्यासाठी माणसाने जे पदार्थ शोधले त्यांची हकीकत थक्क करणारी आहे. आणि साठ वर्षांपूर्वीची काही कार्ट्रिजं आजही नव्यासारखी का गातात, तर काही एका उन्हाळ्यात मुकी का झाली, याचं उत्तरही त्या पदार्थांतच आहे.

आधी मिठाकडे जाऊ. फ्रान्समधल्या ला रोशेल गावातल्या सेन्येत नावाच्या औषधविक्रेत्याने सतराव्या शतकात हे मीठ तयार केलं, म्हणून त्याला रोशेल मीठ म्हणतात. ते आपलं खायचं मीठ नव्हे. चिंचेला जे आम्ल आंबटपणा देतं, त्या टार्टारिक आम्लाचा हा सोडियम आणि पोटॅशियमसह झालेला क्षार. सुरुवातीला त्याचा उपयोग होता पोट साफ करण्यासाठी. पुढे १८८० मध्ये जाक आणि पियर क्यूरी या दोन भावांनी काही स्फटिक दाबून पाहिले आणि त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो असं त्यांना आढळलं. त्या स्फटिकांमध्ये क्वार्ट्झ होतं, पुष्कराज होता, उसाची साखर होती आणि रोशेल मीठही होतं. त्यांत हे मीठ विलक्षण उदार निघालं. थोडासा दाब द्या, ते भरपूर वीज देतं.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या ब्रश कंपनीने या मिठाचे मोठे स्फटिक वाढवायला सुरुवात केली. त्यांच्या पातळ चकत्या कापून, दोन-दोन एकत्र चिकटवून पिकअप बनू लागले. सुई डावी-उजवीकडे हलली की चकतीला पीळ बसायचा आणि एक व्होल्टपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वीज निघायची. चुंबकाच्या कार्ट्रिजमधून मिळतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट, म्हणजे हे दोनशे पट झालं. त्यामुळे अॅम्प्लिफायर साधा चालायचा, एक-दोन व्हॉल्व्हमध्ये काम भागायचं. आणखी एक सोय होती. तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर वाढवतात, आणि वाजवताना ते उलट करून घ्यावं लागतं. चुंबकाच्या कार्ट्रिजला त्यासाठी वेगळं सर्किट लागतं. स्फटिक मात्र सुई किती वेगाने हलली हे बघत नाही, किती अंतर हलली हे बघतो. त्यामुळे ही दुरुस्ती त्याच्याकडून जवळपास आपोआपच होते. स्वस्तात गाणं घरोघरी पोचलं ते या गुणामुळे. लग्नाच्या मांडवातले भोंगे आणि टुरिंग टॉकीजचा पडदा उजळण्याआधी वाजणाऱ्या रेकॉर्डी यांच्यामागे अशाच साध्या पिकअपचा जोर असायचा.

पण हेच मीठ हवेपुढे हतबल होतं. हवेतली आर्द्रता साधारण पस्तीस टक्क्यांखाली गेली की स्फटिकातलं पाणी उडू लागतं आणि त्याची भुकटी व्हायला लागते. पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेली की तो पाणी ओढून घेतो आणि विरघळू लागतो. पंचावन्न अंशांच्या आसपास त्याची रचनाच मोडते, आणि एकदा मोडली की ती परत येत नाही. कारखानदार त्याच्यावर मेणाचा किंवा लाखेचा थर देत, पण तो थर वर्षानुवर्षं पुरणारा नव्हता. आता टिनाच्या छपराखाली, बंद पेटीत, वैशाखाच्या उन्हात ठेवलेल्या प्लेअरचा विचार करा. आत पंचावन्न अंश सहज होतात. तो उन्हाळा निभावलाच तर पावसाळा समोर उभा. अशा प्लेअरचा आवाज आधी बारीक व्हायचा, मग फाटायचा आणि एक दिवस पूर्ण बंद पडायचा. घरातले लोक सुई बदलून पाहायचे. सुई ठीकच असायची, आतलं मीठ संपलेलं असायचं.

यातून सुटका झाली ती मातीमुळे, म्हणजे सिरॅमिकमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट या भाजलेल्या पदार्थात तोच गुण सापडला, आणि १९५०च्या दशकात शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणातून त्याहून सरस सिरॅमिक तयार झालं. वीज थोडी कमी, पण ऊन-पावसाची तमा नाही. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या फिएस्टा, कॅलिप्सोसारख्या घरगुती प्लेअरच्या काळात हीच जात जास्त चालली. अशा बऱ्याच कार्ट्रिजला एक चिमुकली कळ असायची. एका बाजूला फिरवली की ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची सुई खाली यायची, दुसऱ्या बाजूला फिरवली की एलपीची. त्या कळीचं मोल कळायला तबकडीच्या खाचेत उतरावं लागेल.

एलपीची खाच वरून साधारण पन्नास-साठ मायक्रॉन रुंद असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही थोडी बारीकच. वीस मिनिटांच्या एका बाजूवर ही खाच सलग चारशे मीटरहून जास्त लांब भरते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, तेव्हा बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला एक्कावन्न सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या शेवटच्या फेऱ्यांत फक्त एकवीस. बासरीच्या किंवा झांजेच्या आवाजातल्या दहा हजार कंपनांच्या सुराला त्या आतल्या फेऱ्यांत मिळणारी एका लाटेची जागा एकवीस मायक्रॉन. इतक्या अरुंद वळणांवरून सुईचं टोक डावं-उजवं जात राहतं, सेकंदाला दहा हजार वेळा.

आवाजाची पातळी आणखी चक्रावून टाकते. हजार कंपनांचा सूर बऱ्यापैकी मोठ्याने कोरलेला असेल, तर सुई मध्यापासून आठ मायक्रॉन सरकते. गायकाने सूर सोडला, तंबोऱ्याची आस तेवढी उरली, आवाज हजारपट खाली आला, की हीच हालचाल आठ नॅनोमीटर होते. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या सर्वांत आखूड लाटेच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी. साध्या सूक्ष्मदर्शकाला जे दाखवता येत नाही, ते घरातल्या बैठकीत ठेवलेलं यंत्र कानांना ऐकवतं. यात संगणक नाही, लेझर नाही. खाचेच्या भिंती, त्यांना टेकलेलं टोक आणि टोकामागचा एक पदार्थ, एवढाच सगळा संसार.

एवढ्या वळणांवरून धावणाऱ्या टोकावर येणारा जोरही तसाच. वरच्या सुरांना टोकाचं त्वरण गुरुत्वाच्या तीनशे पटींवर जातं. म्हणून टोकाबरोबर हलणारं वजन जितकं कमी तितकं बरं. ते मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली असेल, तर दीड-दोन ग्रॅमच्या दाबात सुई खाचेला चिकटून राहते. ते जास्त असेल तर सुई भिंतीवरून उडते आणि खाली पडताना भिंतच फोडते. दीड ग्रॅम ऐकायला कमी वाटतं. पण ते ज्या जागेवर पडतं ती काही चौरस मायक्रॉनची, म्हणून तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंच्या पुढे जातो. असा दाब सोसत शेकडो तास झिजायचं, तर टोक हिऱ्याचंच हवं. नीलमण्याचं टोक काही डझन तासांत बोथट होतं.

मिठाची आणि मातीची कार्ट्रिजं इथेच मागे पडतात. पिळायची चकती कडक असते, तिच्यामुळे सुईला वजन जास्त द्यावं लागतं आणि दहा-बारा हजार कंपनांच्या पुढचं सगळं धूसर होतं. दुसरा रस्ता मायकेल फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून ठेवला होता. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवा, तारेत वीज उमटते. सुईच्या दांडीमागे चिमुकला चुंबक बसवला आणि भोवती वेटोळी स्थिर ठेवली तर मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज होतं. उलट केलं, चुंबक स्थिर आणि दांडीवर केसाहून बारीक तारेची वेटोळी, तर मूव्हिंग कॉइल. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या शूअर कंपनीचं एम३डी हे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आलं. १९५९ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्टोफोनचं एसपीयू आलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या डेनॉन कंपनीने एनएचके या प्रसारण संस्थेसाठी डीएल-१०३ घडवलं. त्याला अडीच ग्रॅमचा दाब लागतो, ते वीज देतं फक्त ०.३ मिलिव्होल्ट, आणि त्याचं टोक साडेसोळा मायक्रॉन त्रिज्येचं, साधं गोल. १९६४ मध्ये शूअरचं व्ही१५ आलं. यांतली एसपीयू आणि डीएल-१०३ ही दोन नावं आजही बनवली जातात आणि विकली जातात. साठ वर्षं एकाच घडणीत विकत मिळणारी विद्युत उपकरणं जगात किती सापडतील?

टिकण्याचं पहिलं कारण पदार्थांत आहे. चुंबकाला उष्णतेचा जबर तडाखा दिला नाही तर तो दशकानुदशकं आपली शक्ती जवळपास तशीच राखतो. वार्निशात बुडवलेली तांब्याची तार हवेशी बोलत नाही. हिरा झिजतो तो वाजवल्याने, नुसता ठेवल्याने त्याला काही होत नाही. वय चढतं ते एकाच भागाला, दांडी ज्या रबराच्या चिमुकल्या उशीवर डोलते त्या रबराला. ते कोरड्या उष्णतेत कडक होतं, कधी चिकट होतं. मग सुईला मोकळेपणाने हलता येत नाही, खालचे सूर कर्कश होतात आणि मोठ्या आवाजाला सुई खाचेतून घसरते. मूव्हिंग मॅग्नेटच्या रचनेतली दूरदृष्टी इथे दिसते. त्यात चुंबक, दांडी, रबर आणि हिरा हे सगळं सुईच्या एका छोट्या भागात असतं आणि तो भाग बोटांनी ओढून काढता येतो. कार्ट्रिजच्या अंगात राहतात ती फक्त वेटोळी. म्हणजे म्हातारं होणारं सगळं काढून टाका, नवं बसवा, आणि १९७० सालचं अंग पुन्हा तरुण. शूअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, पण त्यांच्या जुन्या अंगांना बसणाऱ्या नव्या सुया जपानची जिको कंपनी बनवते. मूव्हिंग कॉइलला ही सोय नाही. तिथे कारागिराला सूक्ष्मदर्शकाखाली दांडी आणि हिरा बसवावा लागतो.

दुसरं कारण खाचेत आहे, आणि मला ते जास्त सुंदर वाटतं. एलपी आली १९४८ मध्ये. खालचे सूर किती दाबायचे आणि वरचे किती वाढवायचे, याचं मोजमाप १९५४ मध्ये ठरलं. खाचेच्या दोन भिंती पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांत तिरक्या कापायच्या, आतल्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा, ही कल्पना इंग्लंडच्या अॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच मांडली होती. १९५८ मध्ये सगळ्या जगाने ती स्वीकारली. त्यानंतर खाच बदलली नाही. आज छापून येणाऱ्या नव्या एलपीचीही खाच तीच. म्हणून १९६२ सालच्या कार्ट्रिजला आजची तबकडी परकी वाटत नाही. टेप गेली, सीडी आली आणि ओसरली, फोनची भोकं बदलली, पण हा एक करार साठ वर्षांहून जास्त काळ पाळला गेला.

आता ती कळ पुन्हा हातात घेऊ आणि अमरावतीकडे वळू. स्वातंत्र्यसैनिक आणि नाटककार वीर वामनराव जोशी अमरावतीचे. त्यांचं ‘रणदुंदुभी’ हे नाटक १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. पदांना चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, आणि गाणारे मास्टर दीनानाथ. दीनानाथ १९४२ मध्ये अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचं गाणं आपल्याला ऐकू येतं ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमुळे. आणि अमरावतीतच १९३२ मध्ये जन्मलेले सुरेश भट. त्यांच्या शब्दांना चाली दिल्या दीनानाथांचे चिरंजीव हृदयनाथ यांनी, गायल्या दीनानाथांच्या मुली लता आणि आशा. ती गाणी व्हिनाइलच्या बारीक खाचेत उतरली. शब्द एकाच गावचे, आवाज एकाच घरातले, मधे एक पिढी आणि दोन वेगळ्या खाचा. वऱ्हाडातल्या एखाद्या घरात दोन्ही तबकड्या असतील, तर वडिलांकडून मुलांकडे जाताना तीच कळ फिरवावी लागते.

फिरवावीच लागते, कारण दीनानाथांची तबकडी वेगळ्या जगातली आहे. ती लाखेची. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे जी लाख साठवतात, तिच्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू कालवून ती दाबली जाई. जगभरच्या तबकड्यांची लाख मुख्यतः भारतातून जायची. दगडाची पूड मुद्दाम घालत. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत त्या पुडीवर घासून खाचेच्या मापाची व्हावी, यासाठी ती योजना होती. म्हणून एका बाजूला एक सुई, मग ती फेकायची, असा नियम. तो सर्वांनी पाळला नाही आणि बोथट सुयांनी कित्येक तबकड्या खरवडल्या.

लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद. तिला पासष्ट-पंचाहत्तर मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं, एलपीचं टोक अठरा मायक्रॉनच्या आत असतं. काळ्या मातीतल्या रुंद चाकोरीत सायकलचं चाक घातलं तर ते तळाच्या चिखलात लडबडतं, बैलगाडीचं चाक मात्र दोन्ही काठांना धरून चालतं. तसंच इथे. बारीक टोक लाखेच्या खाचेच्या तळाशी पोचतं आणि तिथली धूळ आणि भुकटी तेवढी ऐकवतं. जाड टोक भिंतींना धरतं, आणि आवाज भिंतींवरच आहे.

यातूनच ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासकांना एक युक्ती सापडली. बोथट पोलादी सुईने भिंत घासली असेल तर ती एका विशिष्ट उंचीवर घासलेली असते. तिच्या थोडं वर किंवा थोडं खाली भिंत अजून शाबूत असते. म्हणून ते जवळ वेगवेगळ्या जाडीच्या, तळ छाटलेल्या सुया ठेवतात आणि एकच तबकडी एकेका सुईने वाजवून बघतात. एखाद्या सुईखाली खरखर अचानक मागे सरते आणि गळा पुढे येतो. दुसरी गोष्ट, लाखेच्या तबकडीवर आवाज फक्त आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही ऐकतं आणि त्या उभ्या हालचालीत धूळ आणि खड्ड्यांखेरीज काही नसतं. जुन्या पद्धतीचं मोनो कार्ट्रिज ती ऐकतच नाही. जुन्या तबकडीला जुन्या घडणीचं कार्ट्रिज शोभतं ते आठवणींमुळे नव्हे. ते नको ते ऐकत नाही म्हणून. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिचे मानद सचिव डॉ. सुरेश चांदवणकर यांनी या तबकड्या जपण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. त्यांच्यासारखा भौतिकशास्त्राचा माणूस या कामाला लागावा यात मला नवल वाटत नाही.

परतवाड्यात, अचलपुरात, अकोल्यात, मूर्तिजापुरात माळ्यावर एखादा प्लेअर आणि चार तबकड्या अजून असतील, तर काही गोष्टी आवर्जून कराव्यात. आवाज येत नाही म्हणून प्लेअर भंगारात देऊ नये. गेलेलं असेल ते बहुधा आतलं मीठ किंवा रबर, आणि त्याला उपाय आहेत. लाखेच्या तबकडीवर एलपीची सुई ठेवू नये, कळ कुठे आहे ते आधी बघावं. टोक भिंगाखाली बघितल्याशिवाय ते कोणत्याही तबकडीवर टेकवू नये. प्लेअर टिनाच्या छपराखालून काढून घरातल्या सर्वांत थंड खोलीत आणावा, आणि पावसाळ्यात तबकड्या उभ्या ठेवाव्यात.

कारण त्या खाचांमधलं सगळं गाणं आपण अजून ऐकलेलंच नाही. दीनानाथांच्या काळातल्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सने खाचेतला थोडासा भाग ऐकवला, मिठाच्या स्फटिकाने त्याहून थोडा जास्त, चुंबकाने आणखी. खाच तीच होती. दर पिढीने अधिक नेमकं टोक केलं आणि खाचेने दर वेळी आधी न दिलेलं काही दिलं. पुढच्या पिढीच्या हाती अजून नेमकं टोक येईल. तोवर तबकडीच्या भिंती शाबूत ठेवणं एवढंच आपलं काम आहे, आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे.